सहा रात्रींची रिकामी खोली

वाचकाचं पत्र

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात विक्रीचं काम बघतो. महिन्याला चार-पाच मुक्काम बाहेर पडतात, बहुतेक पुणे आणि हैदराबाद. खर्च कंपनीचा, पण हॉटेलचे पॉइंट्स माझ्या खात्यात जमा होतात. मालकांना हे माहीत आहे, त्यांची हरकत नाही. मॅरियट हॉटेल साखळीच्या बॉनव्हॉय या सभासद योजनेत या वर्षी माझ्या ४४ रात्री झाल्यात. ५० झाल्या की प्लॅटिनम हा वरचा दर्जा मिळतो. वर्ष संपत आलंय आणि आता कंपनीचं एकही काम बाहेरगावी नाही.

बरोबरचा एक जण म्हणतो, पुण्यात त्याच साखळीतलं स्वस्तातलं हॉटेल सहा रात्रींसाठी घे, चेक-इन कर आणि रात्रीच्या गाडीने परत ये. नाहीतर भाचा पुण्यात शिकायला आहे, त्याच्याकडे तुझं आधार दे, तोच तुझ्या नावाने चेक-इन करेल. आणि बिल व्हिजिटच्या नावाखाली कंपनीत लाव. तिसरी गोष्ट मी करणार नाही. पण पहिल्या दोन गोष्टींत नेमकी चूक काय, हे मला नीट सांगता येत नाही. बायको म्हणते, आपल्या पैशाने खोली घेतली आणि झोपलो नाही तर कुणाचं काय गेलं? आई म्हणते, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत लोक पोरंबाळं घेऊन लॉजच्या दारोदार फिरतात, आणि तू खोलीला कुलूप घालून घरी झोपणार? मला दोघींचंही पटतं. काय करू?

एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

नमस्कार. वहिनींचा प्रश्न आधी घेतो, कारण तो खरोखर तपासून बघण्यासारखा आहे. ‘कुणाचं काय गेलं’ हे एकदा म्हणून सोडून देता येत नाही, एकेकाच्या बाजूने बघावं लागतं.

हॉटेलच्या मालकाचं काही जात नाही. दारावर मोठ्या साखळीचं नाव असलं तरी इमारत बहुतेक वेळा त्या साखळीची नसते. एखादा स्थानिक मालक करार करून ते नाव लावतो. सभासद मुक्काम करून गेला की त्याच्या बिलातला काही टक्के हिस्सा मालक पॉइंट्सच्या योजनेत भरतो. पुढे कुणी पॉइंट्सवर फुकट राहिला तर योजना त्या हॉटेलला भरपाई देते. हॉटेल जवळपास भरलेलं असेल तर नेहमीच्या दराच्या आसपास, रिकामं असेल तर त्याहून बरीच कमी. तुमच्या बाबतीत मालकाला सहा रात्रींचं पूर्ण भाडं मिळतं, आणि गिझर नाही, एसी नाही, धुवायला टॉवेल नाहीत. तो नाराज व्हायचं कारण नाही.

साखळीचंही फारसं जात नाही. ५० रात्रींची पायरी तिने स्वतः बांधली आहे. लोकांनी ती गाठण्यासाठी शेवटच्या महिन्यात धडपड करावी, हाच त्या पायरीचा उपयोग. साखळ्या पॉइंट्स रोख पैशांत विकतात आणि बँकांबरोबर कार्डं काढून त्यावर रात्रीही देतात. एचडीएफसी बँकेबरोबरचं मॅरियटचं कार्ड २०२३ साली आलं. त्यावर वर्षाला १० रात्री खात्यात जमा होतात, आणि त्यातली एकही कुणी कुठल्या पलंगावर काढलेली नसते. तेव्हा न झोपता मिळालेली रात्र म्हणजे चोरीचा माल, असं साखळीला म्हणता येणार नाही. या प्रकाराला धंद्यात नावसुद्धा आहे: मॅट्रेस रन.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. योजनेच्या अटींत ‘सभासदाने पात्र दराने पैसे भरून त्या खोलीत राहिलं पाहिजे’ या अर्थाची भाषा असते. चेक-इन करून, चावी घेऊन, बॅग ठेवून बाहेर गेलेला माणूस रात्री परत आला का, हे कुणी मोजत बसत नाही. रात्री कुठे असावं हा पाहुण्याचा प्रश्न आहे, हेही खरं. पण अटीचा गैरवापर झाला असं साखळीला वाटलं तर पॉइंट्स काढून घेण्याचा आणि खातं बंद करण्याचा अधिकार तिने राखून ठेवलेला असतो. एका वर्षी सहा रात्रींसाठी कुणी तुमच्या मागे लागेल असं आम्हाला वाटत नाही. दरवर्षी तीस-चाळीस रात्री अशा काढणाऱ्याने मात्र तो धोका धरूनच चालावं.

इथपर्यंत वहिनींचं बरोबर आहे. अडचण पैशांत नाही. ती हॉटेलच्या रजिस्टरमध्ये आहे, आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

हॉटेलच्या आतून बघा. सकाळी हाउसकीपिंगचा माणूस मजल्यावर फिरतो आणि प्रत्येक खोलीची स्थिती लिहितो: भरलेली, रिकामी, साफ, साफ करायची. हा कागद खाली काउंटरला जातो आणि संगणकातल्या यादीशी ताडून पाहिला जातो. तुमच्या खोलीसमोर संगणक म्हणतो ‘भरलेली’. हाउसकीपिंग म्हणतो, पलंगपोस काल घातला तसाच ताठ, उशीला खड्डा नाही, न्हाणीघराची फरशी कोरडी, साबणाचं वेष्टण फोडलेलं नाही. याला हॉटेलच्या भाषेत स्लीप-आउट म्हणतात. सामान नसेल किंवा एखादीच पिशवी असेल तर ‘स्कँटी बॅगेज’ असा शेरा आधीच पडलेला असतो, कारण बिल बुडवून पळणारे बहुधा हलक्या हाताने आलेले असतात. मग तुम्हाला फोन येतो. लागला नाही तर ड्युटी मॅनेजर दुसऱ्या माणसाला सोबत घेऊन दार उघडतो. आत माणूस पडलाय का, काही बरंवाईट झालंय का, हे त्याला बघावंच लागतं. तुम्ही सोलापुरात घरी जेवत असता आणि तिकडे दोन माणसं धसक्याने न्हाणीघराचं दार ठोठावत असतात. वहिनींच्या प्रश्नाचं हे पहिलं खरं उत्तर.

दुसरं याहून गंभीर आहे. हॉटेलला आग लागली तर काउंटरवरून एक यादी बाहेर निघते, आत्ता इमारतीत कोण कोण आहे त्याची. खाली जमलेल्या लोकांशी ती ताडली जाते, आणि जे नाव सापडत नाही त्याच्यासाठी अग्निशमन दलाची माणसं धुरात शिरतात. तुमचं नाव त्या यादीत आहे आणि तुम्ही तिथे नाही. नसलेल्या माणसाला शोधायला कुणीतरी जीव धोक्यात घालेल. हे रोज घडत नाही, पण यादी याच दिवसासाठी असते.

आता भाच्याचा बेत याच यादीसमोर ठेवून बघा. तुमचं आधार दाखवून तो चेक-इन करणार म्हणजे यादीत तुम्ही आणि पलंगावर तो. त्याच्या नावाने कुणी हाक मारणार नाही. पोलीस रजिस्टर तपासायला आले तर तो दुसऱ्याच्या ओळखपत्रावर राहणारा माणूस ठरतो, आणि हॉटेलने नोंद नीट ठेवली नाही म्हणून काउंटरवरच्या पोराची नोकरी धोक्यात. दुसरा कुणी असल्याचं भासवून फसवणूक करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली गुन्हा आहे. पोरगा शिकतोय, उद्या त्याला नोकरीसाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागेल. मामाच्या प्लॅटिनमसाठी त्याला यात ओढू नका. तुमच्या आधारची प्रतसुद्धा अशी कुणाच्या हाती फिरती ठेवू नका. हॉटेलमध्ये द्यायचीच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या, ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवून घेता येतं.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. खोली रिकामी ठेवण्यात खोटेपणा नाही. कुणाला तरी अंधारात ठेवल्याशिवाय बेत पार पडत नसेल तर खोटेपणा आहे. हॉटेलला सांगून करता येतं का? येत असेल तर करा. कंपनीला सांगून करता येतं का? जिथे ‘त्यांना कळता कामा नये’ असं वाक्य मनात आलं, तिथे थांबायचं. तुमच्या मित्राच्या तीन सूचनांपैकी दुसरी आणि तिसरी इथेच गळतात. उरते पहिली, आणि ती तुमच्या आईंच्या प्रश्नाशी येऊन थांबते.

आईंचं म्हणणं भाबडं नाही. भाडं भरलं म्हणजे खोलीवर हक्क मिळतो, पण भरलेल्या गावात ती खोली तुम्ही घेतली म्हणून दुसऱ्याला मिळत नाही. गड्ड्याला, नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी, नवी पेठेत आणि स्टेशनजवळ काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. आषाढीला पंढरपुरात, नवरात्रात तुळजापुरात हेच. पुण्यात लग्नाच्या दाट तिथी, मोठी परीक्षा किंवा प्रदर्शन असलं की तेच. दवाखान्यात माणूस ठेवून बाहेर खोली शोधणारे नातेवाईक तर बाराही महिने असतात. अशा दिवशी पॉइंट्ससाठी खोली कुलूपबंद ठेवणं आम्हाला चुकीचं वाटतं, मग भाडं कितीही भरलेलं असो. उलट निम्मं हॉटेल ओस पडलेल्या दिवशी तुमच्या रिकाम्या खोलीने कुणाचीच अडवणूक होत नाही.

तो दिवस ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही. हॉटेलचे दर मागणीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून दर हीच खूण. अॅपमध्ये त्या हॉटेलचे महिनाभराचे दर काढा. एरवी साडेचार हजाराला मिळणारी खोली एखाद्या तारखेला सात हजार दाखवत असेल तर त्या दिवशी गर्दी आहे, ती तारीख सोडा. खराडी, हिंजवडीसारख्या कंपन्यांच्या भागात मंगळवार-बुधवारी खोल्या भरतात आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत ओस पडतात. नाताळनंतर कचेऱ्या सुट्टीवर गेल्या की तिथे सहसा शुकशुकाट असतो. ३१ डिसेंबरची रात्र मात्र कुठेच धरू नका. दर चढलेले असतात, आणि वर्ष बदलताना रात्र कुठल्या वर्षात धरली गेली यावर नंतर वाद घालत बसावं लागतं. ३१ तारखेच्या सकाळी चेक-आउट झालेलं असलं पाहिजे, म्हणजे सहा रात्रींसाठी २५ च्या दुपारी आत.

कंपनीचं बिल तुम्ही लावणार नाही म्हणता, चांगलं आहे. पण ते नकळत लागतं, म्हणून तीन ठिकाणी हात घालून बघा. फिरतीवाल्यांच्या अॅपमध्ये कंपनीचा जीएसटी क्रमांक साठवलेला असतो आणि तो आपोआप बिलावर छापला जातो. बुकिंग करण्याआधी तो काढा. नाहीतर पुण्यातल्या हॉटेलचा कर महाराष्ट्राचाच असल्यामुळे तो तुमच्या कंपनीच्या खात्यात क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, म्हणून दिसू शकतो आणि अकाउंटंट ते घेऊन मोकळा होईल. घडलेल्याच नसलेल्या कामाचं क्रेडिट म्हणजे पुढे व्याज आणि दंड, तोही मालकांच्या माथी. हैदराबादच्या बिलावर तेलंगणाचा कर असतो, तो सोलापूरच्या कंपनीला मिळत नाही, म्हणून तिथे ही चूक उघडी पडत नाही आणि सवय लागते. दुसरं, कॉर्पोरेट कोड. कंपनीने हॉटेलशी ठरवलेला दर कंपनीच्या कामासाठी असतो, खाजगी मुक्कामाला वापरू नका. काउंटरवर कंपनीचं ओळखपत्र मागू शकतात, आणि मागितलं नाही तरी तो दर तुमचा नाही. तिसरं कार्ड. पैसे स्वतःच्या कार्डावरून, कंपनीच्या नाही.

याच्या जोडीला एक अवघड गोष्ट विचारतो, रागावू नका. ज्या ४४ रात्री झाल्या, त्यातल्या किती खरंच लागत होत्या? सकाळच्या वंदे भारतने पुण्यात जाऊन दोन गिऱ्हाइकांना भेटून रात्री घरी परतता येतं. तरीही मुक्काम केला, कारण रात्र मोजली जाते. किंवा साडेतीन हजारांत चांगलं हॉटेल असताना साखळीतलं साडेपाच हजारांचं घेतलं. बिल खरं, व्हिजिट खरी, मालकांची परवानगीही आहे. पण ती परवानगी पॉइंट्स घ्यायची आहे, पॉइंट्ससाठी खर्च वाढवायची नाही. आमच्या मते स्वतःच्या पैशाने ठेवलेल्या सहा रिकाम्या खोल्यांपेक्षा कंपनीच्या पैशाने केलेला एक नको असलेला मुक्काम जास्त वाईट. असं झालं असेल तर पुढच्या वर्षी मालकांबरोबर साधा नियम करून घ्या: मुक्काम कधी, दर कितीपर्यंत, पॉइंट्स कुणाचे. एका मेलवर लिहून. त्याने तुमचंही ओझं उतरेल.

आता हिशेब, कारण सगळं नीट करूनही तोट्यात जायचं असेल तर कशाला करायचं?

खोली ४,५०० रुपयांची धरू. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. म्हणजे रात्रीला ४,७२५ आणि सहा रात्रींचे २८,३५०. जाण्यायेण्याचं वेगळं. पॉइंट्स मूळ भाड्यावर मिळतात, करावर नाही. २७,००० रुपये म्हणजे डॉलर ९० रुपयांचा धरला तर ३०० डॉलर. बहुतेक ब्रँडमध्ये डॉलरला १० पॉइंट्स, म्हणजे ३,०००. तुम्ही २५ रात्री ओलांडल्यात म्हणजे गोल्ड आहात, त्याचे २५ टक्के जादा धरून ३,७५०. एका पॉइंटची किंमत साठ पैसे धरली तरी २,२५० रुपये. थोडक्यात, प्लॅटिनम तुम्हाला सुमारे २६,००० रुपयांना पडतं.

त्यात मिळतं काय? एकदा मिळालेला दर्जा उरलेलं वर्ष, पुढचं अख्खं वर्ष आणि त्यापुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. गोल्डला दुपारी २ पर्यंत खोली ठेवता येते, प्लॅटिनमला ४ पर्यंत. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने परतणाऱ्या माणसाला या दोन तासांची किंमत आहे, हे मान्य. जिथे लाउंज आहे तिथे लाउंज, बहुतेक ब्रँडमध्ये दोघांचा नाश्ता, खोली असेल तर वरच्या दर्जाची, आणि पॉइंट्स २५ ऐवजी ५० टक्के जादा. नाश्ता हा यातला सगळ्यात मोठा पैशाचा भाग, आणि नेमका तोच तुमच्या उपयोगाचा नाही. कंपनीच्या कॉर्पोरेट दरात नाश्ता बहुतेक वेळा धरलेलाच असतो. मागची चार-पाच बिलं काढून बघा, ‘नाश्त्यासह’ लिहिलेलं असेल. मग नाश्त्याचा फायदा फक्त स्वतःच्या पैशाने, कुटुंबाबरोबर केलेल्या मुक्कामांना. दोघांचा बुफे दोन हजारांचा धरला तर २६,००० वसूल व्हायला अशा तेरा सकाळी लागतील. पुढच्या वर्षभरात तेरा रात्री स्वतःच्या खर्चाने अशा हॉटेलात राहणार असाल तर गोष्ट वेगळी. नसाल तर हा सौदा वाईट आहे, आणि तुमच्या पत्रावरून तो वाईटच दिसतो.

लोक इथे आणखी एक चूक करतात. घाई असली की तीन खोल्या दोन रात्रींसाठी घेतात आणि सहा मोजतात. पॉइंट्स तीन खोल्यांपर्यंत मिळतात, रात्री मात्र एकाच खोलीच्या धरल्या जातात. बाहेरच्या बुकिंग साइटवरून घेतलेली खोलीही मोजली जात नाही. बुकिंग साखळीच्या साइटवर किंवा अॅपवरच हवं. आणि बुक करून गेलाच नाहीत तर तो नो-शो. पहिल्या रात्रीचं भाडं कापलं जातं, पुढच्या रात्री रद्द होतात, हाती एकही रात्र लागत नाही. शिल्लक पॉइंट्स वापरून घेतलेली रात्र मात्र मोजली जाते, म्हणून साठलेले पॉइंट्स असतील तर एखाददुसरी रात्र त्यातून काढा, तेवढी रोकड वाचेल. वर सांगितलेल्या बँक कार्डाच्या १० रात्री पुढच्या वर्षीसाठी चांगल्या आहेत. आज अर्ज करून त्या ३१ डिसेंबरच्या आत जमा होतील या भरवशावर राहू नका.

आम्हाला विचाराल तर खोली रिकामी ठेवूच नका. २५ ते ३१ डिसेंबर बऱ्याच शाळांना नाताळची सुट्टी असते. वहिनींना आणि आईंना घेऊन जा. पलंग जोड असतो, आईंसाठी जादा गादीचे पैसे आधी विचारून घ्या, दर हॉटेलगणिक वेगळा असतो. सहा दिवस सगळ्यांना जमणार नसेल तर तीन रात्री तुम्ही सगळे राहा आणि उरलेल्या तीन रात्री भाच्याला द्या, पण नीट. तुम्ही स्वतः काउंटरवर उभे राहायचं, नोंदणीच्या कागदावर तुमच्या नावाखाली त्याचं नाव घालायचं, त्याचं स्वतःचं ओळखपत्र द्यायचं, कुठल्या तारखेपासून तो एकटा असेल ते सांगायचं. त्याला अभ्यासाला शांत खोली मिळेल, यादीत खरं नाव येईल. परीक्षा जवळ आली असेल तर त्याच्यासारखा खूश कुणी नसेल.

आणि एखाद-दोन रात्री खोली रिकामी राहणारच असेल तर चेक-इन करतानाच सांगा: “मी परवापर्यंत बाहेर आहे, खोलीत कुणी नसेल, सामान आहे, साफसफाई नको, चेक-आउट ३१ लाच. हा माझा चालू नंबर.” ही माहिती ते बुकिंगवर शेरा म्हणून टाकतात. कुणी दार ठोठावत नाही, आग लागली तर तुम्हाला शोधत नाही, आणि तुमचाही फायदा असा की पाहुणा निघून गेला असं समजून ते तुम्हाला २७ तारखेलाच चेक-आउट करून टाकत नाहीत. न सांगता गेलेल्या लोकांच्या रात्री बहुधा अशाच बुडतात. बिल मिटवलेलं, खोली सोडल्याची नोंद झालेली, आणि सहाऐवजी दोन रात्री जमा. ‘डिस्टर्ब करू नका’ची पाटी दाराला अडकवून जाऊ नका, ती दोन दिवस हलली नाही की कर्मचाऱ्यांची काळजी वाढतेच. दर घेताना नाश्त्याशिवायचा घ्या, न खाल्लेल्या नाश्त्याचे पैसे भरायचं कारण नाही. नॉन-रिफंडेबल दर थोडा स्वस्त पडतो, पण मालकांनी २६ ला अचानक हैदराबादला पाठवलं तर ते पैसे गेले. तुमच्या धंद्यात हे होतं, म्हणून शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन रद्द करता येणारा दर घ्या.

३१ च्या सकाळी प्रत्यक्ष किंवा फोनवरून चेक-आउट करा आणि बिलाची पीडीएफ मागवून घ्या. तीत चार गोष्टी बघा: सभासद क्रमांक तुमचा आहे का, आल्याची तारीख २५ आणि गेल्याची ३१ आहे का, सहाही रात्रींचं भाडं वेगवेगळ्या ओळींत लागलंय का, आणि कंपनीचा जीएसटी क्रमांक कुठे राहून गेलाय का. तो दिसला तर तिथल्या तिथे बदलून मागा, नंतर बिल दुरुस्त करणं हॉटेलला फार जड जातं. रात्री खात्यात दिसायला काही दिवस लागतात. जानेवारीचा दुसरा आठवडा उलटूनही ५० चा आकडा दिसला नाही तर ही पीडीएफ जोडून राहून गेलेल्या मुक्कामाची मागणी अॅपमधून टाका.